हात त्याचा, हवा इथली

केतकी काळमेघला नवऱ्याचं मन फोनवर कधी कळलं नाही. फोनवर हर्षल नेहमी ठणठणीत असायचा, जेवलेला असायचा, आणि तिकडे थंडी आहे एवढं सांगून मोकळा व्हायचा. तो खरा कसा आहे ते तिला रविवारी दुपारी कळायचं, आणि तेही डिस्क कशी डोलत आली त्यावरून.

हर्षल होता फिनलंडमध्ये, डिस्क बनवणाऱ्या एका कंपनीत. केतकी होती चिखलदऱ्याला, कॉफीच्या बागेपलीकडच्या पठारावर डिस्क गोल्फचा कोर्स सांभाळत. दोन हजार अडतीस साली हा खेळ विदर्भात कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. तरी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आहे गोल्फच, पण चेंडू आणि काठीऐवजी हातानं फेकायची चपटी डिस्क आणि खड्ड्याऐवजी खांबाला बसवलेली साखळ्यांची टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, की झालं.

कोर्सच्या सुरुवातीला एका लोखंडी खांबावर खांदा, कोपर आणि मनगट असलेलं एक यंत्र होतं. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, ते पेटीवरच राहिलं. केतकी त्याला 'हात' म्हणायची. हर्षल तिकडे कंपनीच्या आवारात डिस्क फेके. त्या डिस्कच्या कडेत तांदळाच्या दाण्याएवढे संवेदक बसवलेले होते. डिस्क हातात धरल्यापासून बोटांतून सुटेपर्यंत तिचा वेग किती, कोन कोणता, गिरकी केवढी आणि डोल कसा, हे सगळं ते टिपून घेत, आणि पापणी लवते न लवते तोच चिखलदऱ्याचा हात तश्शीच डिस्क फेकी. केतकीनं समोर टांगलेल्या जाळीत फेकलेली डिस्क त्याच रीतीनं तिकडच्या हातातून हर्षलकडे जाई. डिस्क सुटेपर्यंत कारभार यंत्राचा. एकदा सुटली की पुढे डोंगरावरची हवा तिला हवं तिकडे नेई. "हात तुझा, हवा इथली," असं केतकी त्याला पहिल्याच रविवारी म्हणाली होती, आणि नंतर फोन ठेवून खूप रडली होती.

टोपल्या बाकीच्या जगासाठी. रविवारी या दोघांचा रिवाज वेगळा होता. एकानं फेकायची, दुसऱ्यानं झेलायची. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेल्या माणसाचं सहावं वर्ष चाललं होतं आणि अंगाला लागेल असं त्याच्याकडून एवढंच येत होतं.

डोलाचं थोडं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे.

फेकलेल्या डिस्कला हवा खालून उचलते, पण अगदी मधोमध उचलत नाही. वेग असतो तेव्हा तिचा जोर मागच्या अंगाला जरा जास्त असतो, वेग ओसरला की पुढच्या अंगाला. नुसती ढकललेली डिस्क त्यामुळे नाक वर करते आणि धपकन पडते. पण तिला गिरकी असली तर ती पुढून उठायच्या ऐवजी बाजूला कलते. भोवऱ्यालाही हीच खोड असते, ढकलावं एकीकडे आणि तो झुकतो भलतीकडे. म्हणून चांगली फेक आधी एका बाजूला झुकते आणि शेवटी दुसऱ्या बाजूला वळून अलगद उतरते. हे सगळं गिरकीचं देणं.

डोल ही वेगळी भानगड. सुटण्याच्या क्षणी एखाद्या बोटानं कड किंचित वर किंवा खाली ओढली, की डिस्कचा आस आणि गिरकीचा आस यांचं जमत नाही. मग डिस्क थरथरत निघते, एका गिरकीत जवळजवळ दोनदा डोलते. हवा तिला हळूहळू ताळ्यावर आणते, पण तोवर डोलानं अंतर खाल्लेलं असतं. गिरकी दणकट असेल तर डोल लवकर निवतो. गिरकीच नसेल तर तो निवायच्या आत डिस्क जमिनीवर आलेली असते.

हर्षलच्या उजव्या हाताचं तर्जनीचं बोट कॉलेजात कबड्डी खेळताना मोडलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. ते डिस्क सोडायला नेहमी जरासा उशीर करी. त्यामुळे त्याची प्रत्येक फेक आधी डोलायची आणि मग शहाणी व्हायची. अमरावतीच्या मैदानावर केतकीनं पहिल्यांदा पाहिली ती हीच फेक. "ह्याची डिस्क पिऊन आली काय?" असं ती मैत्रिणीला मोठ्यानं म्हणाली होती, त्यानं ते ऐकलं होतं, आणि पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

गंमत अशी की नोकरी लागली तीही या डोलामुळेच. कंपनीला डोल गिळून टाकणारी डिस्क बनवायची होती. कडेच्या पोकळीत दाट तेल भरायचं, डिस्क डोलली की तेल उलटं हेलकावतं आणि डोल जिरवतं, अशी कल्पना. ती तपासायला सरळ फेकणारा माणूस काय कामाचा? त्यांना रोज, न चुकता, एकसारखा डोलणारा हात हवा होता. देशातले सगळे सरळ फेकणारे सोडून कंपनीनं वाकडा उचलला, याचा हर्षलला कोण अभिमान होता!

तर असा तो डोल केतकीला पाठ होता. हर्षल दमलेला असला की डोल रेंगाळे. रागात असला की गिरकी जोराची येई आणि डोल पहिल्या झटक्यातच विरे. आणि हिवाळ्यात तिकडे प्लास्टिक दगडासारखं कडक होई, बोटं बधिर पडत, तेव्हा डिस्क अशी लटपटत येई की झेलताना केतकीची त्रेधा उडे. दरवर्षी जानेवारीत ती त्याला म्हणे, "हातमोजे घाल ना बाप्पा," आणि दरवर्षी तो म्हणे, "हातमोज्यानं डिस्क धरतात का कुठं?"

या जानेवारीत मात्र फेकी कशा सुरेख येत होत्या. डोल थोडासा, पाहिजे तेवढाच. केतकीनं आधी त्याचं कौतुक केलं. मग तिला ते टोचायला लागलं.

"काय व, आला होता का तुझा नवरा?" सुमती कासदेकरनं विचारलं. सुमती कोर्सवरचं गवत कापायची, नवशिक्यांना शिकवायची आणि मधल्या वेळात केतकीची चेष्टा करायची.

"आला होता. पण मे महिन्यातला आल्यासारखा वाटला."

"म्हणजे?"

"थंडी वाजत नव्हती त्याले."

सुमती हसली. "माझा घरात असून मले दिसत नाई. तुझा सात समुद्रापार, अन् तू त्याची थंडी मोजून राहिली."

पुढच्या रविवारी फोन कानात लावून केतकी आपल्या जागेवर उभी राहिली. तिकडून हर्षल म्हणाला, "घे, आली बरं का." हात फिरला, डिस्क सुटली आणि सुटल्या सुटल्या वेड्यासारखी उसळली. दोनदा मान टाकली, वर चढली, डावीकडे भेलकांडली आणि सुमतीच्या गवताच्या ढिगात जाऊन पडली.

केतकी जागची हलली नाही. ही फेक तिनं पाहिली होती. गेल्या मे महिन्यात डिस्क सोडता सोडता हर्षलला शिंक आली होती, आणि नेमकी अशीच डिस्क नेमक्या अशाच दोन माना टाकून जवळपास त्याच जागी पडली होती. तेव्हा दोघं उचकी लागेपर्यंत हसले होते.

"हर्षल, ही फेक कधीची होय?"

"आत्ताची. काहून?"

"तू शिंकला नाई."

तो फोन ठेवून देतो की काय, अशी भीती तिला वाटली.

"ती कशी काय राहिली त्याच्यात," हर्षल शेवटी म्हणाला. "मी चांगल्या चांगल्या निवडून ठेवल्या होत्या. ती काढायची राहून गेली."

"कधीपासून पाठवून राहिला निवडलेल्या?"

"ऑगस्टपासून."

मग एकेक निघालं. सहा वर्षं दिवसभर फेकून फेकून मनगटातली नस दबली होती. ऑपरेशन झालं, ते फसलं. आता हाताला कंप होता आणि बोटांची डिस्कवर पकड बसत नव्हती. कंपनीनं काढलं नव्हतं. तशी गरजही नव्हती, कारण त्याच्या हजारो फेकी कंपनीकडे साठवलेल्या होत्या आणि यंत्र त्या बिनचूक फेकत होतं. हर्षलला खुर्ची दिली होती. आपलाच हात फेकतो कसा, ते खुर्चीत बसून पाहायचं आणि ठीक आहे म्हणायचं.

"अन् मले काहून नाई सांगतलं?" केतकीचा आवाज चढला.

"तू विचारलं कधी? दर रविवारी तू फेकीचंच बोलते. आज मस्त आली, आज डोलली, आज लवकर उतरली. हातात काही कमी आलं असतं तर तुले एका फेकीत समजलं असतं. तुले हात पाह्यजे होता, केतकी. मी हात पाठवला."

तिला राग आला, आणि रागाच्या खाली लाजही वाटली, कारण तो खोटं बोलत नव्हता.

"घरी ये," ती म्हणाली.

"घरी आलो तर यंत्र जाईन. कंपनीतल्या माणसाच्या घरच्यांसाठीच ठेवतात ते. मग तुझ्याजवळ ना तो हात राहीन ना त्या फेकी. अन् मी आलो तर असा. तिथं येऊन काय करू, टोपल्या पुसू? इथं निदान माझा हात माझ्यासमोर चालते."

"मले तू पाह्यजे."

"आत्ता म्हणून राहिली," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तो आठवडा केतकीनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. हर्षल फोन उचलेना. संदेशाला उत्तर यायचं ते 'बरा आहे' एवढंच. एकदा दुपारी कोर्सवर कुणी नसताना ती हातापाशी गेली. गेल्या वर्षांच्या सगळ्या फेकी त्याच्या पोटात होत्या, पडद्यावर बोट ठेवलं की हवी ती मिळायची. तिनं पहिल्या हिवाळ्यातली लावली. मग त्याला बढती मिळाली त्या दिवसाची, मग तिच्या वाढदिवसाची. डिस्क एकामागून एक आल्या, त्याच ओळखीच्या डोलानं, आणि केतकीला इतकं बरं वाटलं की तिनं मनात ठरवूनच टाकलं. राहू दे त्याला तिकडे. पाठवू दे निवडलेल्या. इतका सुंदर हात घरच्या घरी मिळतो आहे, तो कुणी काढून टाकतं का? उद्या सांगू त्याला, की आहे तसंच चालू दे.

वाढदिवसाची फेक तिनं पुन्हा लावली. पुन्हा एकदा लावली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की डिस्क सुटण्याआधीच आपले पाय योग्य जागी जाऊन थांबले आहेत. धावावं लागलं नव्हतं. डिस्क कुठे येणार हे ठाऊक होतं, आणि ती तिथेच आली. एवढी वर्षं रविवारची वाट पाहण्यात जो जीव होता तो हाच होता की आज कशी येईल ते माहीत नसायचं. तिनं शेवटची डिस्क झेललीच नाही. ती खांद्यावरून मागे गेली आणि केतकी गवतात बसून राहिली. तिला हर्षलची फार आठवण आली.

रविवारी तिनं नेहमीच्या वेळी फोन लावला. त्यानं उचलला. सहा वर्षांची सवय, ती काही एका भांडणानं सुटत नाही.

"आज पहिली पाळी माझी," ती म्हणाली. "तू हातासमोर जाऊन उभा राह्य."

"केतकी, आज नको."

"राह्य म्हटलं ना."

तिनं डिस्क डाव्या हातात घेतली. डाव्या हातानं तिनं जन्मात कधी फेकली नव्हती. कुठला पाय पुढे टाकायचा तेही कळेना. कशीबशी कंबर वळवली आणि जाळीवर डिस्क भिरकावली. गिरकी अशी नव्हतीच. डिस्क उभी झाली, पालथी झाली आणि जाळीच्या तळाशी जाऊन लोळली. तिकडे फिनलंडमध्ये यंत्रानं इमानेइतबारे तेच केलं असणार.

"हे काय होतं?" हर्षलचा आवाज.

"डाव्या हाताची होती. कुठं पडली?"

"माझ्या पायावर."

"लागलं?"

"लागलं ना! कडक हाये डिस्क, थंडीनं." आणि तो हसला. ऑगस्टपासून फोनवर तो हसत असे तसलं नव्हे, खरंखुरं. "डाव्या हातानं काहून फेकली?"

"उजव्या हातानं किती चांगलं फेकते ते दाखवून झालं तुले. आता तू फेक. आजची."

"नाई पोचणार."

"कुठवर पोचवायची ते मी पाहीन. तू फक्त फेक. अन् साठवलेली पाठवली तर मले समजन, हे लक्षात ठेव."

फोनमध्ये बर्फावर बूट घासल्याचा आवाज आला. मग चिखलदऱ्याच्या उन्हात तो लोखंडी हात वर उठला, आणि केतकीनं ओठ दाताखाली धरला, कारण हात थरथरत होता. इतकी वर्षं झोकात फिरणारं ते यंत्र एखाद्या म्हाताऱ्यासारखं थरथरत मागे गेलं, अडखळलं आणि पुढे आलं. डिस्क सुटली. गिरकी नावालाच होती. हवेनं तिचं नाक वर उचललं, आणि डोल निवायच्या आतच ती खांबापासून थोड्या अंतरावर गवतात पडली.

पण तेवढ्या अर्ध्या श्वासात केतकीनं पाहायचं ते पाहिलं. त्या सगळ्या कंपाच्या आत, सुटतानाची ती उशिराची ओढ होती. वाकड्या बोटाची. यंत्रानं साठवलेली नव्हे, आजची, त्या क्षणाची. तिचे डोळे भरून आले.

"कुठं पडली?" त्यानं भीत भीत विचारलं.

"थांब जरा."

ती आपली नेहमीची जागा सोडून चालत निघाली. वाटेत ती डिस्क उचलली, हाताच्या पंजात पुन्हा बसवली, आणि यंत्राच्या पुढ्यात, हात लांब केला तर खांबाला लागेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिली.

"हं. पुन्हा फेक."

"केतकी, काय फायदा हाये?"

"फेक ना बाप्पा."

हात उठला, थरथरला, वळला. डिस्क सुटली आणि डोलत डोलत सरळ तिच्या पोटावर येऊन आदळली. तिनं दोन्ही हातांनी ती धरली. तळव्यांखाली ती अजून थोडीशी फिरत होती, मग थांबली.

"आली?"

"आली."

"खोटं बोलते."

"देवाशप्पथ. हातात हाये माझ्या." तिनं डिस्क छातीशी धरली आणि आवाज सावरला. "मी पुढे आली, हर्षल. होईन तेवढी पुढे आली. आता समोर खांबच हाये, याच्याहून जवळ मले येता येत नाई. उरलेलं तू ये."

कॉफीच्या बागेकडून वारा आला आणि रिकामा पंजा जरासा हलला.

"यंत्र न्यायले लोक येतीन मग," हर्षल म्हणाला.

"येऊ दे."

"पुन्हा नाई मिळणार ते."

"नको मिळू दे," केतकी म्हणाली, आणि फोन कानात तसाच ठेवून तिनं मैदानापलीकडे हाक मारली, "सुमती! पाना घेऊन ये व. खांबाचे नट खोलायचे हायेत."